नानांची चौकशी

नाना कुणालाही ‘कुठं चाललात?’ असं विचारत नसत. ‘परत कधी?’ असं विचारत. समाजकार्याची पदवी घेऊन मी जळगावहून धुळ्याच्या बालगृहात नोकरीला रुजू व्हायला गेले, तेव्हा हातात ट्रंक होती, केसांत रस्त्याची धूळ होती, आणि दारातच एका उंच, वाळक्या म्हाताऱ्यानं मला थांबवून विचारलं, “परत कधी?” मला वाटलं, मी आलेलं यांना आवडलेलं नाही. पुढं कळलं, की तो त्यांचा नमस्कार होता. धुण्याचं बोचकं घ्यायला येणाऱ्या परटालाही ते हेच विचारत आणि तपासणीला येणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यालाही. अधिकाऱ्याला ते जरा जास्तच मनापासून विचारत.

नाना एस.टी.मध्ये वाहतूक निरीक्षक होते. सगळा जन्म गाड्यांच्या वेळा आणि कंडक्टरांच्या खोड्या तपासण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावर आमच्या बालगृहाचे मानद सचिव झाले, पण खाकी पँट त्यांनी सोडली नाही. वर पांढरा सदरा आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला. समितीची सभा लांबली की ते तो पेला बाहेर काढून त्यावर किल्लीनं दोनदा टिंग टिंग करत. म्हणजे डबल बेल, गाडी सुटली. अध्यक्ष असलेले डॉक्टरसाहेब वाक्याच्या मधेच असले तरी सभा संपलेली असे. डॉक्टरसाहेब चिडत, पण उठत.

नानांचं जेवण मुलांची पंगत उठल्यावर. उरलं असेल ते खायचं. आमटी पातळ झाली असेल तर स्वयंपाकीणबाईंना ते काही बोलत नसत, नुसते वाटीत बघत बसत. त्या बाई मला म्हणायच्या, “ताई, नानांनी शिव्या दिल्या तरी चालतील, पण त्यांना वाटीत बघू नका म्हणा.”

पण नानांची खरी ख्याती होती ती चौकशीसाठी. मूल दत्तक मागायला एखादं जोडपं आलं, की कागद मी बघायची आणि माणसं नाना बघायचे. ते त्या घरी कधी थेट जात नसत. गावातल्या स्टँडवर उतरायचं, टपरीवर चहा मागायचा आणि बसून राहायचं. सगळ्या खानदेशातले ड्रायव्हर-कंडक्टर ओळखीचे. सोनगीरच्या कुणाबद्दल काही विचारायचं असलं, तर सकाळच्या गाडीच्या कंडक्टरला निरोप द्यायचे आणि दुपारच्या गाडीनं उत्तर यायचं.

पाचोऱ्याचं एक जोडपं मला अजून आठवतं. घर मोठं, व्यापार चांगला, कागद सगळे जागच्या जागी. नाना जाऊन आले आणि म्हणाले, “घर चांगलं आहे. पण अंगणातली कुत्री माणूस दिसला की पायात शेपूट घालते.” त्या जोडप्याला मूल मिळालं नाही. डॉक्टरसाहेब ओरडले, “कुत्रीवरनं ठरवायचं का आता?” नाना म्हणाले, “तिला कुणी काय शिकवलं ते तिनं सांगितलं. आणखी कुणाला विचारू?”

सगळ्या वेळी त्यांचंच बरोबर निघालं असंही नाही. चाळीसगावच्या एका मास्तरांना त्यांनी ‘गर्विष्ठ’ म्हणून बाजूला काढलं होतं, कारण रस्त्यात नमस्कार केला तर मास्तरांनी तो घेतला नाही. पुढं कळलं, की त्यांना कमी ऐकू येतं आणि तेव्हा नाना मागून आले होते. नाना दुसऱ्या दिवशी चाळीसगावला गेले, मास्तरांच्या समोर उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, “मी चुकलो!” त्या घरी आमची एक तान्ही मुलगी गेली. मास्तर दर दिवाळीला नानांना फराळ पाठवत आणि नाना तो खाताना दर वेळी थोडे लाजत.

मंगल आणि गोटू मी रुजू होण्याच्या काही महिने आधी आले होते. मंगल सात वर्षांची, गोटू तीनचा. साक्रीकडच्या कुठल्याशा रस्त्यावर मजुरी करणारी त्यांची आई आजारी पडून धुळ्याच्या दवाखान्यात आली आणि तिथंच गेली. बाप नव्हता. नातेवाईक शोधायला नाना पार नवापूरपर्यंत गाड्या बदलत हिंडून आले होते. रस्त्याचं काम संपलेलं, मजूर पांगलेले, बाईचं नावही कुणाला नीट सांगता येईना.

मंगल फार बोलत नसे. सकाळी उठली की तिच्या बोलीत पहिला प्रश्न, “मना भाऊ कोठे शे?” गोटू शेजारच्या अंथरुणातच असायचा. तो दिसला की ती तोंड धुवायला जायची.

तान्ह्या बाळांना आपल्याकडं घरं मिळत. सात वर्षांची मुलगी कुणाला नको होती, आणि भावासकट तर नकोच. मुलगा देता का, असं दोघा-तिघांनी विचारलं. त्यामुळं त्या दोघांसाठी परदेशी घराचा विचार सुरू झाला. त्या काळी हे फार दबक्या आवाजात बोललं जाई. परदेशी दत्तक म्हणजे पोरं विकणं, असं गावात सर्रास म्हणत. वर्तमानपत्रांत खऱ्याखोट्या बातम्या येत. नुकतेच नियम कडक झाले होते. परदेशातल्या जोडप्यानं परस्पर यायचं नाही, तिकडच्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यायचं, तिनं घराची पाहणी करायची, मूल गेल्यावर त्याची खबर कळवत राहायचं. मूल द्यायचं की नाही ते शेवटी जिल्हा न्यायालय ठरवणार. मला हे सगळं पाठ होतं. मी नानांना समजावून सांगितलं, की संस्था सरकारमान्य असली की निम्मं काम झालं.

“परवाना घाटात पडणाऱ्या गाडीला पण असतो, ताई,” नाना म्हणाले.

पहिला प्रस्ताव आला तो परदेशातल्या एका मोठ्या संस्थेकडून. कागद गुळगुळीत, छपाई देखणी. गोटूसाठी घर तयार होतं. मंगलचं मात्र ‘पुढं बघू’. डॉक्टरसाहेब म्हणाले, “एकाचं तरी कल्याण होतंय. होऊ द्या.” भावंडं तोडू नयेत असं नियमातही होतं, पण पळवाटा असतातच, आणि डॉक्टरसाहेबांच्या मनात काही वाईट नव्हतं. मुलं वाढताना त्यांनाही दिसत होती.

नाना म्हणाले, “दोघं एका तिकिटावर आहेत. एकाला उतरवता येणार नाही.” आणि पेला काढून टिंग टिंग केलं.

त्या संस्थेनं मग दोघांनाही घेणारं दुसरं घर सुचवलं. लगेच कळवा म्हणाले. नाना चौकशीला लागले. आता युरोपात यांचा कोण कंडक्टर? तरी ते प्रश्न काढत राहिले. मी इंग्रजीत टंकलिखित करून पाठवत राहिले आणि उत्तरं मोघम येत राहिली. पावसाळा गेला, हिवाळा गेला. एक दिवस त्या संस्थेनं कळवलं, की ते कुटुंब आता थांबायला तयार नाही.

त्या दिवशी मी नानांशी भांडले. मुलं शाळेत गेली होती. ओसरीवर नाना तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

“मंगल नऊची होईल आता,” मी म्हणाले. “प्रत्येक वर्षी तिला घर मिळणं अवघड होतंय. तुमच्या चौकशीत ही पोरं इथंच म्हातारी होतील, नाना.”

“होतील,” नाना म्हणाले. “ती भीती मला पण आहे.”

“मग?”

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. “चाळीसगावला दिलेल्या पोरीचं काही बिनसलं, तर सकाळच्या गाडीनं जातो आणि संध्याकाळी तिला घेऊन येतो. तिथून कसा आणू? मला भाषा येत नाही. रस्ता माहीत नाही. ती रडली तर मला ऐकू पण येणार नाही. म्हणून मला तिथं असा माणूस पाहिजे, जो माझ्यासारखा उठून जाईल. संस्था मोठी आहे का, हे मी बघतच नाही. कोण उठून जाईल ते सांगा.”

माझा राग गेला नाही. पण त्या रात्री मला झोपही आली नाही, कारण माझ्या पदवीच्या पुस्तकांत हा प्रश्न कुणी इतका सरळ विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून एक पत्र तयार केलं आणि यादीतल्या चार मान्यताप्राप्त संस्थांना पाठवलं. त्यात नानांचा एकच प्रश्न होता. तुम्ही दिलेलं एखादं मूल त्या घरात रुळलंच नाही, असं कधी झालं का? झालं, तेव्हा तुम्ही काय केलं? डॉक्टरसाहेबांनी पत्र वाचून कपाळाला हात लावला. “लग्नाच्या बोलणीत ‘तुमच्याकडं सून जाळलीय का’ असं विचारतात का कुणी?”

“विचारलं असतं तर बरं झालं असतं,” नाना म्हणाले.

एका संस्थेनं लिहिलं, असं आमच्याकडं कधीच घडत नाही. एकीनं उत्तराऐवजी रंगीत पुस्तिका पाठवली. बर्फात घसरगाडीवर बसलेली गोरी-काळी मुलं, सगळी हसणारी. नानांनी ती मुलांना बघायला देऊन टाकली. तिसरीनं उत्तरच दिलं नाही. चौथं उत्तर बेल्जियममधल्या एका लहान संस्थेचं होतं. ती चालवणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, हो, झालं आहे. दुसऱ्या एका देशातून आलेला आठ वर्षांचा मुलगा होता. घराची पाहणी आम्ही घाईत केली. त्या लोकांना मुलगा नको होता, कृतज्ञ मुलगा हवा होता. मी त्याला माझ्या घरी आणलं. तो माझ्याकडं बरेच महिने राहिला, मग त्याला दुसरं घर मिळालं. पहिली चूक आमची होती.

नानांनी ते माझ्याकडून मराठीत दोनदा वाचून घेतलं. “या बाईला अजून लाज वाटते,” ते म्हणाले. “हिच्याशी बोलू या.”

बोलणं म्हणजे अर्थात चौकशी. आणि इथं नानांना त्यांचा कंडक्टर सापडला. जळगावच्या एका पाइप कारखान्यात शेख नावाचे इंजिनिअर होते. नानांच्या जुन्या ड्रायव्हरचा मुलगा. त्यांना कारखान्यानं यंत्रं बघायला जर्मनीला पाठवायचं ठरवलं होतं. नाना मला घेऊन जळगावला त्यांच्या घरी गेले. शेखसाहेबांच्या आईनं शीरखुर्मा केला होता, तो नानांनी दोनदा घेतला आणि मग कामाचं काढलं.

“जर्मनीच्या शेजारीच आहे ते गाव. आगगाडी जाते. मी नकाशात बघितलंय. पण आत एकदम जायचं नाही. आधी समोरच्या टपरीवर बसायचं.”

“नाना, तिथं टपऱ्या नसतात हो.”

“माणसं राहतात ना? मग बसायची जागा असणारच.”

शेखसाहेब परत आल्यावर बस पकडून थेट धुळ्याला आले. मुलांसाठी चॉकलेटं आणली होती. ओसरीवर नाना, मी आणि डॉक्टरसाहेब. डॉक्टरसाहेब ‘सहज’ आले होते.

“समोर पाववाल्याचं दुकान होतं. तिथं कॉफी घेऊन बसलो,” शेखसाहेब म्हणाले. “अर्धा तास बसलो आणि मला माझीच लाज वाटायला लागली. असं कुणावर नजर ठेवायची म्हणजे... मग सरळ आत गेलो आणि त्या बाईंना सांगितलं, आमच्याकडचे एक म्हातारे तुमच्यावर विश्वास ठेवायला तयार नाहीत, म्हणून आलोय.”

“काय म्हणाल्या?” नानांनी विचारलं.

“हसल्या. म्हणाल्या, बरं झालं, कुणीतरी आलं. चहा दिला. तेवढ्यात एक मुलगी धाडकन दार उघडून आत आली. पंधरा-सोळा वर्षांची, कोरियातली असावी. त्यांच्या अंगावर नुसती ओरडायला लागली. मला भाषा कळत नव्हती, पण चिडली होती फार. टेबलावरचे कागद फेकले तिनं. मला वाटलं, आता या बाई तिला बाहेर काढतील. तर त्यांनी मला खूण केली, की थोडं थांबा, आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. सगळं ऐकून घेतलं. शेवटी ती पोरगी रडली आणि त्यांच्याच ताटलीतला केक खाऊन निघून गेली. बाई म्हणाल्या, अधूनमधून येते. मला कुणी इथं आणलं, का आणलं, विचारते. मी तिला काय सांगणार, ती विचारते ते बरोबरच आहे.”

डॉक्टरसाहेब चष्मा पुसत म्हणाले, “म्हणजे तिथंही सगळं आलबेल नाहीच.”

नाना म्हणाले, “ती पोरगी रागवायला तिथंच आली ना? दुसरीकडं नाही गेली. ताई, त्या बाईंना कळवा, आम्ही तयार आहोत.”

त्या संस्थेनं सुचवलेलं जोडपं पुढल्या थंडीत धुळ्याला आलं. नवरा, यान, दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा; बायको, मारी, दवाखान्यात परिचारिका होती. पाहणीचा अहवाल इतका बारीक होता, की त्यांच्या घराच्या जिन्याला किती पायऱ्या ते मला ठाऊक होतं. नानांनी माझ्यामार्फत त्यांना पहिला प्रश्न विचारला, “तुमचं भांडण कशावरून होतं?” दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मारी म्हणाली, हा सगळ्यांची यंत्रं दुरुस्त करतो, घरातली नाही. यान म्हणाला, ही माझ्या आईशी फोनवर बोलताना फारच गोड बोलते. नाना खूष झाले.

मग त्यांनी हट्ट धरला, की मुलांना घेऊन सगळ्यांनी सोनगीरचा किल्ला बघायला जायचं, आणि एस.टी.नं जायचं. डॉक्टरसाहेबांनी गाडी देऊ केली. नानांनी ऐकलं नाही. बाजाराचा दिवस, गाडी खच्चून भरलेली. यान वाकून उभा, डोकं छताला लागतंय, कडेवर गोटू. मारीला खिडकीजवळ जागा मिळाली आणि शेजारी मंगल. दोघींनी तोवर एकमेकींना हातही लावला नव्हता. हायवेवर ट्रकांचा धूर आत येत होता. निम्म्या वाटेत मारीचा चेहरा पांढरा पडला. तिनं खिडकीबाहेर तोंड काढलं आणि ओकली.

मी पुढं सरकायला लागले. नानांनी माझा हात धरला.

मंगल सीटवर उभी राहिली. तिनं एका हातानं मारीचं कपाळ मागून धरलं, जसं आपण मुलांचं धरतो तसं. दुसऱ्या हातानं पाठीवरून हात फिरवला. मग पुढच्या बाईकडून पाण्याची बाटली मागून घेतली आणि मारीच्या तोंडाला लावली. “काही नही व्हस,” ती म्हणाली. “पानी पी ले.” मारी पाणी प्याली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ओकण्यामुळं की कशामुळं ते मला सांगता येणार नाही. तिनं मंगलचा हात तिथंच, आपल्या कपाळावर, दाबून धरून ठेवला.

नाना माझ्या कानाशी म्हणाले, “कुठं शिकली असेल ती हे? आईजवळच ना, दवाखान्यात.” आणि तोंड फिरवून दाराकडं बघत उभे राहिले.

न्यायालयाचा हुकूम झाल्यावर नानांनी मंगलला ओसरीवर बोलावून, मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारलं, जायचं का. ती म्हणाली, “गोटू बी येस ना?” “येस,” नाना तिच्याच बोलीत म्हणाले, येतो. ती उठून खेळायला गेली. चाळीसगाव स्टेशनवर नाना त्यांना मुंबईच्या गाडीत बसवून आले. मी होते बरोबर. गाडी हलल्यावर त्यांनी हात वगैरे काही केला नाही. शेवटचा डबा जाईपर्यंत उभे राहिले आणि मला म्हणाले, “चला, भूक लागली.” ठेल्यावरची भजी त्यांनी मागवली आणि एकही खाल्लं नाही.

त्यानंतर ठरल्याप्रमाणे खबर येत राहिली. फोटो येत. मंगल सायकलवर, गोटू चिखलात. गोटूला शाळेत त्रास देणाऱ्या एका मुलाला मंगलनं मारलं, हेही संस्थेच्या बाईंनी प्रामाणिकपणे कळवलं होतं. ते वाचून दाखवल्यावर नाना दिवसभर चांगल्या मूडमध्ये होते.

नव्वद साल उलटून गेलं होतं. नानांचे गुडघे गेले, बालगृहातलं येणं कमी झालं. अशाच एका मार्चमध्ये मारी दोघांना घेऊन धुळ्याला आली. मंगल आता उंच झालेली, केस कापलेले. भाषा पूर्ण विसरलेली. गोटू तेरा-चौदाचा, उन्हानं हैराण. आम्ही नानांच्या घरी गेलो. चहा झाला, नानींनी बळंच खाऊ घातलं. मग मंगलनं मला इंग्रजीत विचारलं, “माझी आई कुठं आहे?”

मी काहीतरी जुळवायला लागले. दवाखाना, बेवारस म्हणून नोंद, तेव्हा मी इथं नव्हते...

“काय विचारते ती?” नाना म्हणाले. मी सांगितलं. ते काठी घेऊन उठले. “रिक्षा बोलवा.”

पांझरेच्या काठी स्मशानात ऊन रणरणत होतं. नदी आटलेली. नाना हळूहळू चालत एका ओट्यापाशी थांबले आणि काठीनं दाखवलं. “इथं.”

“तिचं सगळं कुणी केलं?” मंगलनं विचारलं. मी नानांना मराठीत सांगितलं.

“मी,” नाना म्हणाले.

इतकी वर्षं रोज त्यांच्याबरोबर काम केलं होतं. त्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं.

“पोरं त्या दिवशी आपल्याकडं आली,” नाना मला म्हणाले, जणू हिशेब माझ्याशीच होता. “दवाखान्यातून निरोप आला, नगरपालिका उरकून टाकेल म्हणून. म्हटलं, पोरं आपल्याकडं, मग आई दुसरीकडं कशी? घरून लुगडं आणलं. आमची म्हणाली, जुनं नेऊ नका, नवं न्या.”

मी हे सगळं मंगलला सांगितलं. ती ऐकत होती. गोटू मारीच्या जवळ सरकला. मंगलनं थोड्या वेळानं हळूच विचारलं, “रंग कोणता होता?”

“जांभळं होतं,” नाना म्हणाले. “काठ हिरवा.”

मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, तर मंगलनं हात वर करून मला थांबवलं. ती नानांच्या तोंडाकडं बघत होती.

“पुन्हा,” ती म्हणाली. एवढा एक शब्द तिच्याजवळ कसा राहून गेला होता, देव जाणे.

“जांभळं,” नाना म्हणाले.

“जांभळं,” मंगल म्हणाली.